पेशंटबरोबरचा माणूस

"मी पेशंट नाहीये हो."

खोलीत पाऊल टाकल्याटाकल्या हे ऐकलं आणि कोरीनला हायसं वाटलं. चला, प्रश्न सोपा आलाय!

त्या दिवशी तिची परीक्षा होती. कोरीन बोड्री तशी मुरलेली नर्स. हॉस्पिटलच्या वॉर्डात तिने उमेदीची वर्षं काढली होती. पण आता तिला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं होतं. म्हणजे स्वतः तपासायचं, स्वतः निदान करायचं, औषधही स्वतःच लिहून द्यायचं. त्यातही तिने निवडला होता मोठ्या माणसांचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचा विभाग. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, गोंडस बाळं सोडून हे खोकणारे आजोबा कशाला?" कोरीन म्हणाली, "बाळं सगळ्यांनाच आवडतात. आजोबांचं काय?"

या परीक्षेची तऱ्हाच न्यारी. कॉलेज गावातली माणसं बोलावतं आणि त्यांना पेशंटचं सोंग देऊन एकेका खोलीत बसवतं. सोंगही कसं, एकदम पक्कं! कपडे, सामानसुमान, वेळ पडली तर खरे अश्रू. आपण ते सोंग आहे हे विसरून तपासायचं. आणि त्यात मास्तरीणबाईंनी वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, "पुरुष पेशंट सरळ कबूल करत नाही. मला काही झालेलं नाही, असंच म्हणणार. तिथे माघार घ्यायची नाही!"

आता समोर तपासणीच्या पलंगावर एक उंच माणूस बसला होता. लोकरीचा चौकड्यांचा शर्ट ऑक्टोबरच्या पावसाने भिजलेला, बोटांना काळं वंगण, पायाशी अवजारांची पेटी. पेटीसुद्धा आणलीय! काय तयारी, कोरीनला कौतुकच वाटलं.

"मी हीटर बघायला आलोय," तो म्हणाला. "किल्ली आणायला गेलेत, म्हणून जरा टेकलो."

"हो ना," स्टूल ओढून कोरीन त्याच्यासमोर बसली. "हीटर कुठे पळून जात नाही. आधी तुम्ही कसे आहात ते सांगा."

"बरा आहे की."

"झोप लागते?"

तो काहीतरी हसण्यावारी न्यायला गेला... आणि थांबला. खिडकीवर पाऊस आडवा आदळत होता. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर... नाही लागत."

"घरी कोण असतं?"

"आजोबा. मी आणि ते, दोघंच. ते पडतात मध्ये मध्ये. मला सांगत नाहीत. मी विचारलं की म्हणतात, मांजर पडलं. आमच्याकडे मांजर नाहीये." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मग रात्रभर मी कान देऊन पडून असतो. कधी धप्प आवाज येतो म्हणून."

"हे कोणाशी बोललात?"

"कोणी विचारलंच नाही."

कोरीन परीक्षा विसरली. तिने त्याची नाडी बघितली, रक्तदाब बघितला, आणि मग नुसतीच समोर बसून राहिली. "तुम्ही आजारी नाही," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दमलात. आणि आजोबांचं पडणं म्हणजे काही नशिबाचा भाग नव्हे, त्याला कारण असतं. शोधलं तर सापडतं. त्यांना घेऊन या. ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. तो तिच्याकडे असा काही बघत होता की ती उगीचच स्टेथोस्कोपची नळी सरळ करायला लागली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. मास्तरीणबाई!

"कोरीन! तुझा पेशंट चार नंबरच्या खोलीत छातीत दुखतंय म्हणून कधीचा बसलाय. आता त्याला खरंच दुखायला लागेल! आणि हे कोण?"

"हीटरवाला," तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "मी सांगितलं होतं हो यांना."

अगं बाई गं! कोरीनला वाटलं, जमीन दुभंगावी नि आपण आत जावं. कानाच्या पाळ्यांपर्यंत ती लालेलाल झाली. दारापाशी पोचली तेव्हा मागून हळूच आवाज आला.

"नापास झालात का?"

"बहुतेक."

"माझ्याकडून पास," तो म्हणाला. "मी एमिल. एमिल लाहती."

*

परीक्षा तिने पुन्हा दिली आणि उत्तम दिली. हीटरवाल्याचा किस्सा वर्गात पार उन्हाळ्यापर्यंत पुरला असता, पण जानेवारी उजाडला आणि प्रत्यक्ष कामाची पाळी आली. एखाद्या अनुभवी माणसाच्या हाताखाली खरे पेशंट तपासायचे, ते झाल्याशिवाय पदवी नाही. आणि हाताखाली घेणारं माणूस शोधायचं ज्याचं त्याने! कोरीनने दारोदार फोन केले. शेवटी सरोवरात लांबवर घुसलेल्या जमिनीच्या टोकाला, टॅमरॅक नावाच्या चिमुकल्या गावातून होकार आला. तिथल्या एकुलत्या एक दवाखान्याच्या वर्ना हॅगस्ट्रॉमबाई म्हणाल्या, "ये. पण बर्फ उपसता येतं ना? फावडं दारामागे आहे."

वर्नाबाई म्हणजे एक प्रकरणच. आवाज पहाडी, मन लोण्यासारखं, आणि शिस्त मात्र लोखंडी.

पहिल्याच आठवड्यात बर्फाने माखलेला एक ट्रक दाराशी थांबला. त्यातून एक काटक म्हातारा उतरला, आणि त्याचा हात धरायला धावला तो... कोरीनच्या हातातलं फावडंच निसटलं.

"तुम्ही म्हणालात, घेऊन या," एमिल म्हणाला. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण होते. "यांना गाडीत बसवायला तीन महिने लागले."

"पण मी इथे आहे हे तुम्हाला..."

"माहीत नव्हतं!" तो खुलून हसला. "देवाशप्पथ नव्हतं. आमच्या गावचा दवाखाना हा एकच."

रेनो लाहती, म्हणजे एमिलचे आजोबा, आत येऊन हाताची घडी घालून बसले. बायको गेल्यापासून त्यांनी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. "त्या मोठ्या हॉस्पिटलात," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "डॉक्टर माझ्याबद्दल या पोराशी बोलायचा. मी तिथेच बसलेलो. जणू काही मी खुर्चीच!"

कोरीन उठली, ते ज्या कानाने ऐकत होते त्या बाजूला स्टूल घेऊन बसली, आणि थेट त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आजोबा, मांजर कितीदा पडलं?"

म्हाताऱ्याने चमकून एमिलकडे बघितलं. मग कोरीनकडे. आणि हसायलाच लागला. "लबाड आहे ही! चारदा पडलं. पाचदा म्हण."

तिने त्यांना झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. उभं राहताच आकडा घसरगुंडीवरून घसरावा तसा घसरला. वर्नाबाईंनी फोनवर घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या होत्या, त्या तिने टेबलावर ओतल्या. पूर्वी वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या आणि तशाच चालू राहिलेल्या दाब उतरवायच्या गोळ्या, त्यावर दुकानातून स्वतःच्या अकलेने आणलेली झोपेची गोळी. वर्नाबाईंशी बोलून तिने झोपेची गोळी बंद केली, बाकीच्यांतली एक कमी केली. आणि प्रत्येक गोष्ट आजोबांनाच विचारली, आजोबांनाच सांगितली. एमिलकडे एकदाही वळून बघितलं नाही.

बाहेर तिच्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत एमिल उभा होता.

"एकदासुद्धा नाही," तो म्हणाला.

"काय एकदासुद्धा नाही?"

"बघितलं नाहीत माझ्याकडे. मी केस विंचरून आलो होतो."

"तसं शिकवतात आम्हाला," कोरीन म्हणाली. हसू दाबताना तिची पुरेवाट झाली. "पेशंटकडे बघायचं. बरोबर आलेल्या माणसाकडे नाही."

"बरोबर आलेल्या माणसाने मग काय करावं?"

"काचा साफ कराव्यात."

*

तर त्याने काचा साफ केल्या. अख्खा फेब्रुवारी केल्या! आजोबांना तपासायचं नसलं तरी ट्रक दाराशी. कधी दवाखान्याच्या हीटरमधून आवाज येतोय असं त्याला वाटायचं, तो बिचारा हीटर मुकाट चालत असला तरी. कधी आजोबांनी निसू पाठवलेला असायचा, वेलदोड्याच्या वासाचा गरम पाव. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"हा आजोबांनी भाजला?" कोरीनने एकदा विचारलं.

"मी. पण आजोबा उभे होते शेजारी. एक तास! न धरता!" सांगताना त्याचा आवाज भरून आला. "कोरीन... मी आता झोपतो रात्री. तुला माहितीये? नुसता झोपतो."

तिला काही बोलायचं होतं. पण ती पावाचा तुकडा मोडत राहिली. आवडायला लागला होता तो तिला. चांगलाच आवडायला लागला होता.

आजोबा तर कोरीनमय झाले होते. "शनिवारी सौना तापवतो, वाफेच्या खोलीत बसतो, पण तिने सांगितल्याप्रमाणे हळू उठतो," असं ते गावभर सांगायचे. वर्नाबाईंनी एकदा त्यांचा रक्तदाब घ्यायला हात पुढे केला, तर म्हाताऱ्याने बाही खाली ओढली. "ती येईपर्यंत थांबतो."

आणि मग मार्चमध्ये वर्नाबाईंनी कोरीनला समोर बसवलं. आधी आनंदाची बातमी दिली. "पदवी मिळाली की इथेच ये. मी आता अर्धा वेळच काम करणार. मला तू हवीस, गावाला तू हवीस."

कोरीनच्या डोळ्यांत पाणीच आलं. हेच तर तिला हवं होतं!

"आणि आता दुसरं," वर्नाबाईंनी पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "तो ट्रक. मला डोळे आहेत, पोरी. मुलगा सोन्यासारखा आहे. पण म्हातारा तुझा पेशंट आहे, आणि त्याचं सगळं बघणारा हा पोरगा. उद्या त्या घरात कठीण निर्णयाची वेळ आली, तर तू नर्स म्हणून बोलशील की त्या घरची म्हणून? पेशंटच्या घरात जीव गुंतवायचा नाही. म्हातारा तुझा असेपर्यंत पोरगा तुझा नाही."

"मग आजोबांना तुम्ही बघाल?"

"मी बघेन गं. पण तो येईल का माझ्याकडे? तुझ्यामुळे आला तो. तू सोडलंस तर घरी जाऊन बसेल आणि पुन्हा पडेल. तूच सांग."

खोटं तर काही नव्हतं त्यात.

त्या संध्याकाळी ती एमिलबरोबर सरोवराच्या काठाने चालली. बर्फाचे तुकडे किनाऱ्यावर एकमेकांना घासत कुरकुरत होते. तिने सगळं सांगितलं, एका दमात, बुटांकडे बघत.

एमिल म्हणाला, "ते तुझ्याशिवाय कोणाकडे जाणार नाहीत."

"माहितीये."

"आणि मी तुला, त्यांना सोड, असं कधीच सांगणार नाही."

"तेही माहितीये. म्हणून तर..." म्हणून तर तू मला आवडतोस, असं तिला म्हणायचं होतं. नाही म्हणाली.

"मी थांबेन, कोरीन. काय घाईये? ते जोवर तुझे पेशंट आहेत तोवर... मी थांबतो..."

आणि तो मध्येच गप्प झाला. कोरीनही थबकली. दोघांनाही एकदमच उमगलं, हे थांबणं म्हणजे कशाची वाट बघणं आहे ते. एमिलचा चेहरा पांढराफटक पडला.

"छे," तो म्हणाला. "छे छे. देवा! मी असं..."

"तुला तसं म्हणायचं नव्हतं."

"पण तेच झालं ना ते?"

कोरीनने त्याच्या बाहीला हात लावला, आणि लगेच काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून ट्रक दाराशी यायचा बंद झाला. आजोबांना तपासायला आणलं तरी एमिल ट्रकमध्येच बसून राहायचा. काचा कोरीन आपल्या आपणच खरवडायची, आणि खरवडता खरवडता रडायची. रडू नये असं ठरवूनही.

*

एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागला. छपरावरून सारखी टपटप चाललेली. कोरीनच्या हाताखालच्या कामाचा तो शेवटचा आठवडा होता, आणि आजोबा तपासायला आले होते. ते खुर्चीवरून उठले, दारापर्यंत चालले, गर्रकन वळले, परत आले, बसले. काठीशिवाय!

"वा आजोबा! नाचायला हरकत नाही आता."

"ते राहू दे," आजोबा म्हणाले. आज ते हसत नव्हते. "पोरी, तू माझ्याशी कधी खोटं बोलली आहेस?"

"नाही."

"मग आज पण बोलू नकोस. माझा पोरगा जेवत नाही. त्याला विचारलं, तो म्हणाला काही नाही. वर्नाला विचारलं, ती छताकडे बघायला लागली. मी तिच्यासमोर ठाण मांडून बसलो, तेव्हा कुठे तिने एवढंच सांगितलं, नियम काय आहे ते. म्हणून तुला विचारतो. एमिल आवडतो तुला?"

छपरावरून टपटप, टपटप. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. पण हा माणूस सगळं जग सोडून तिच्यावर विश्वास ठेवून बसला होता.

"आवडतो," ती म्हणाली. "खूप आवडतो, आजोबा. पण तुम्हीही मला..."

"थांब. माझं ऐक." त्यांनी आपला राठ हात तिच्या हातावर ठेवला. "तुम्ही दोघं कशाची वाट बघत बसणार होतात, ते मला कळत नाही का? कोणी मुद्दाम नाही करत, मला ठाऊक आहे. पण वेडे आहात तुम्ही! मी शंभरी गाठणार. तूच मला असं ठणठणीत करून ठेवलंस. तोवर काय, माझा पोरगा ट्रकमध्ये बसून राहणार?"

कोरीनला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"तेव्हा आजपासून तू माझी नर्स नाहीस," आजोबा उठत म्हणाले. उठताना ते हळूच उठले, तिने शिकवलं होतं तसं. "सोपं नाहीये बरं का मला. तुझ्यासारखं कोणी बघत नाही. पण घरात एक सून... नात... जे काय म्हणतात ते, जास्त बरं."

आणि ताठ मानेने ते पलीकडच्या दारात जाऊन उभे राहिले. "वर्ना! मी रेनो लाहती. आजपासून तुझ्याकडे. तुझा रक्तदाबाचा पट्टा काढ बाहेर. आणि ओरडू नकोस, ऐकू येतं मला!"

वर्नाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कोरीनकडे. नाक जोरात शिंकरलं. "बसा," त्या म्हणाल्या. "सगळं पहिल्यापासून विचारणार आहे. तास जाईल." आणि कोरीनला, "तू काय बघत उभी राहिलीस? तुझा पेशंट नाहीये हा!"

कोरीन कोट न घालताच बाहेर धावली. चिखल, वितळलेलं बर्फ, बुटात पाणी. एमिलने तिला अशी येताना बघितलं आणि ट्रकचं दार ढकलून तो धडपडत खाली उतरला.

"आजोबा? पडले का? काय झालं?"

"काही नाही! बरे आहेत! एमिल, त्यांनी मला काढून टाकलं."

"म्हणजे?"

"म्हणजे ते वर्नाबाईंचे पेशंट झाले. आपणहून. आपल्यासाठी." तिला धाप लागली होती, शब्द नीट येत नव्हते. "ते म्हणाले, मी शंभर वर्षं जगणार, तोवर तुम्ही काय करणार."

एमिल बघतच राहिला. मग त्याने हातांनी चेहरा झाकून घेतला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. एवढा उंच माणूस, चिखलात उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. कोरीनने त्याचे हात चेहऱ्यावरून बाजूला केले. या वेळी तिने ते सोडले नाहीत.

"त्यांना वर्नाबाई आवडत नाहीत," तो म्हणाला.

"जराही नाहीत."

"मी शनिवारी सौनात त्यांची पाठ घासून देईन. रोज देईन. आयुष्यभर देईन..."

"एमिल."

"हं?"

"गावात दवाखाना एकच आहे, आणि उन्हाळ्यापासून मी इथे असणार. वर्नाबाई नसतील तेव्हा तुला खोकला झाला तरी डोंगरापलीकडच्या डॉक्टरकडे जावं लागेल. कायमचं. चालेल?"

"मी कुठे आजारी पडतो?" तो डोळे पुसत म्हणाला. "मी पेशंट नाही गं. मी फक्त तुझ्यावर प्रेम करतो."

आत वर्नाबाईंचा पहाडी आवाज खिडकीतून बाहेर येत होता, आणि त्यावर आजोबांचा, "ओरडू नकोस म्हटलं ना!" एमिलने आपला लोकरीचा कोट तिच्या खांद्यावर घातला, पण कोटाची कॉलर काही त्याच्या हातून सुटेना. तिचं तोंड त्याच्या तोंडाच्या इतकं जवळ होतं की बोलायला आवाजाची गरजच नव्हती.

"मला विचारायचंय काहीतरी," तो पुटपुटला. "कधीचं विचारायचंय. पण तू म्हणशील, अजून पदवी पण नाही मिळाली, घाई काय..."

"विचार."

त्याने लग्नाचं विचारलं. शब्द एकमेकांत अडखळले, मधला एक तर गाळलाच गेला.

"हो," कोरीन म्हणाली. "हो रे, हो!"